अर्ज लिहिण्याआधी: अधिकार कोणाचा, हे शोधायची रीत

नाशिकच्या सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकाला, उतरलं की जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा न्यायालय जवळजवळच लागतात. पायी काही मिनिटांचं अंतर. कागदाच्या हिशोबाने मात्र ही दोन फाटकं दोन वेगळ्या सत्तांची आहेत. एकीकडे कायदा राबवला जातो, दुसरीकडे त्याचा अर्थ लावून निवाडा होतो. कायदा करणारी तिसरी सत्ता नाशिकला बसतच नाही. ती मुंबईला विधिमंडळात आणि दिल्लीला संसदेत असते. जिल्ह्यात तिचे १५ आमदार आणि तीन खासदार तेवढे भेटतात.

आपल्याकडे बहुतेक निवेदनं फुकट जातात ती मागणी चुकीची असते म्हणून नव्हे. ज्याच्या हातात ती देतात त्याला ते काम करायचा अधिकारच नसतो. कांद्याची निर्यात खुली करा, असं निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना देऊन फोटो काढता येतो. जिल्हाधिकारी ते निवेदन पुढे पाठवू शकतात, निर्यात खुली करू शकत नाहीत. म्हणून अर्ज लिहायला बसण्याआधी तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात. विषय केंद्राचा, राज्याचा की स्थानिक संस्थेचा? ज्या गोष्टीने अडलं आहे ती कायदा आहे, प्रशासनाचा निर्णय आहे की कोणी दिलेला निवाडा? आणि त्यावर दाद मागायची जागा कोणती?

आधी हातातला कागद वाचा

ज्या कागदामुळे काम अडलं, त्यातच बहुतेक उत्तर असतं. "वरून आदेश आहे" एवढ्यावर परत फिरू नये. आदेशाचा क्रमांक आणि दिनांक मागावा.

शासन निर्णय, म्हणजे जीआर, हातात आला तर तो शेवटाकडून वाचायला घ्या. सहीच्या वर "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" अशी ओळ असते. राज्यपालांनी तो कागद स्वतः पाहिला, असा तिचा अर्थ नाही. राज्याची कार्यकारी सत्ता राज्यपालांच्या नावाने चालवायची असं संविधानाच्या अनुच्छेद १६६ मध्ये सांगितलं आहे. निर्णय मंत्रिमंडळाचा किंवा त्या खात्याचा असतो आणि सही उपसचिव किंवा कक्ष अधिकाऱ्याची. मग वर या. "वाचा" किंवा "संदर्भ" या शब्दाखाली आधीचे जीआर, कायदे, न्यायालयाचे निकाल यांची यादी असते. अनुभवी वकील आधी ही यादीच बघतात. तिथे कायद्याचं कलम दिलेलं असेल तर जीआर त्या कायद्याच्या आधाराने उभा आहे. नुसते जुने जीआरच असतील तर तो बहुधा निव्वळ कार्यकारी सूचना आहे, अनुच्छेद १६२ खालची. अशी सूचना कायद्यातली मोकळी जागा भरू शकते, कायद्याच्या विरुद्ध जाऊ शकत नाही.

अधिसूचनेची भाषा निराळी असते. "अमुक अधिनियमाच्या कलम तमुक अन्वये प्रदान करण्यात आलेल्या अधिकारांचा वापर करून" अशी तिची सुरुवात होते आणि ती राजपत्रात छापली जाते. म्हणजे कायदा विधिमंडळाने केला आणि तपशील भरायचं काम सरकारवर सोपवलं. इथे तपासायचं एवढंच की सरकार सोपवलेल्या हद्दीत राहिलं का. उतरंड अशी: संविधान, अधिनियम, नियम व अधिसूचना, शासन निर्णय, परिपत्रक. खालचा कागद वरच्याला छेद देत असेल तर वरचा चालतो. टेबलावर मात्र उलटं घडतं. बाबूच्या फाइलला परिपत्रक टाचलेलं असतं आणि नियम त्याने कधी उघडलेले नसतात. अर्जात त्या नियमाचा क्रमांक लिहून प्रत जोडली की अर्ध्याहून जास्त वाद तिथेच मिटतो.

ओळखायची एक सोपी खूण: सरकारी मराठीत "अनुच्छेद" म्हणजे संविधानाचा, "कलम" म्हणजे साध्या कायद्याचं. बोलताना सगळेच "कलम" म्हणतात, अर्जात तसं लिहू नये.

अध्यादेश हा मधलाच प्रकार. विधिमंडळाचं अधिवेशन चालू नसताना तातडी असेल तर राज्यपाल, म्हणजे प्रत्यक्षात मंत्रिमंडळ, अनुच्छेद २१३ खाली अध्यादेश काढू शकतं. त्याला कायद्याइतकंच बळ असतं, पण अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत विधिमंडळाने मंजूर केला नाही तर तो संपतो. नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण २०२५ मध्ये असंच आधी अध्यादेशाने उभं राहिलं, मग त्याचा कायदा झाला. तीर्थयात्रा हा विषय राज्य सूचीत, म्हणजे राज्याने कायदे करायच्या विषयांच्या यादीत, ७ व्या नोंदीला आहे, म्हणून ते मुंबईत करता आलं. अध्यादेशाची मुदत संपली की तोच पुन्हा काढत राहायचं, ही पळवाट बिहारने वर्षानुवर्षं वापरली. १९६७ ते १९८१ या काळात असे २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा निघाले होते. ते शोधून काढून सर्वोच्च न्यायालयात नेले पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या डी. सी. वाधवा या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी. १९८६ मध्ये न्यायालयाने ही पद्धत म्हणजे संविधानाची फसवणूक ठरवली.

विषय कोणत्या सूचीत बसतो

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत. संघ सूचीवर संसद कायदा करते, राज्य सूचीवर विधिमंडळ, समवर्ती सूचीवर दोघंही. मूळ संविधानात त्यांत अनुक्रमे ९७, ६६ आणि ४७ नोंदी होत्या, पुढे फेरफार झाले. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने शिक्षण आणि वने यांसह पाच विषय राज्याकडून समवर्ती सूचीत गेले. कुठेच न बसणारा विषय संसदेकडे जातो.

कांद्यावर हे पडताळून बघू. लासलगावला भाव पडला की "सरकारने काहीतरी करावं" असं म्हणतात, पण त्या एका वाक्यात निदान चार वेगवेगळी सरकारी दारं आहेत.

व्यापाऱ्याने पैसे थकवले, वजनात मारलं, लिलाव विनाकारण बंद ठेवला, तर तो बाजाराचा विषय: राज्य सूची, नोंद २८. कायदा १९६३ चा महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन कायदा. आधी बाजार समितीचे सचिव, तिथे भागलं नाही तर सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक. सौदापट्टी आणि काटापट्टी जोडल्याशिवाय ही तक्रार उभीच राहत नाही.

निर्यात हा संघ सूचीतला ४१ वा विषय आणि निर्यात शुल्क ८३ वा. दिल्लीतही त्यांची खाती वेगळी. बंदी घालतं वाणिज्य मंत्रालयाचं विदेश व्यापार महासंचालनालय, शुल्क लावतं अर्थ मंत्रालय. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के शुल्क लागलं. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातच बंद झाली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला किमान ५५० डॉलर भावाची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. म्हणजे एका खात्याने दार उघडलं आणि दुसऱ्याने उंबरा उंच ठेवला. सप्टेंबर २०२४ मध्ये भावाची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही उठलं. या काळात ज्यांनी फक्त "बंदी उठवा" एवढंच लिहिलं, त्यांची मागणी मे २०२४ मध्ये कागदावर मान्य झाली होती.

नाफेडची खरेदी हे चौथं दार. साठ्यासाठीच्या या खरेदीमागे केंद्राचं ग्राहक व्यवहार खातं असतं, कृषी खातं नव्हे. साठ्यावर मर्यादा घालायची असेल तर १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा लागतो, आणि तो समवर्ती सूचीच्या ३३ व्या नोंदीवर उभा आहे.

समवर्ती सूचीत केंद्र आणि राज्य यांच्या कायद्यांची टक्कर झाली तर केंद्राचा चालतो. पण राज्याच्या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली असेल तर अनुच्छेद २५४ प्रमाणे त्या राज्यापुरता राज्याचा चालतो. बैलगाडा शर्यती याच वाटेने परत आल्या. प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये हा १९६० चा केंद्राचा कायदा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या आधारे शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये दुरुस्ती करून राष्ट्रपतींची संमती घेतली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने ती वैध ठरवली. निकाल पटला नाही म्हणून विधिमंडळ तो नुसता रद्द करू शकत नाही. निकाल ज्या पायावर उभा आहे तो पाया कायद्याने बदलता येतो, आणि इथे झालं ते हेच.

नाशिक शहरात हद्दीचा घोळ जास्त. देवळाली कॅम्पात पथदिवा बंद असेल तर महापालिकेत जाऊ नका. छावणी क्षेत्राचा स्थानिक कारभार संघ सूचीत तिसऱ्या नोंदीला आहे आणि कॅन्टोन्मेंट बोर्ड संरक्षण मंत्रालयाखाली येतं. त्याच रस्त्यावर चोरी झाली तर मात्र पोलीस राज्याचे. नाशिकरोडचा नोटांचा छापखाना केंद्राचा, त्याच्या बाहेरच्या रस्त्यावरची गर्दी आवरणारा वाहतूक पोलीस राज्याचा. मुंबई-आग्रा महामार्गावरचा खड्डा महामार्ग प्राधिकरणाचा, त्याला येऊन मिळणाऱ्या कॉलनीच्या रस्त्यावरचा महापालिकेचा. खड्ड्याचा फोटो काढताना मागचा किलोमीटरचा दगड किंवा खांबावरचा क्रमांक फ्रेममध्ये घ्या, नाहीतर दोन्ही कार्यालयं तो एकमेकांकडे ढकलतात.

महापालिकेच्या आतही छोटी वाटणी आहे. महासभा, स्थायी समिती आणि आयुक्त ही कायद्यानेच वेगळी प्राधिकरणं आहेत: धोरण महासभेत, मोठ्या खर्चाची मंजुरी स्थायी समितीत, अंमल आयुक्तांकडे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक वेळेत झाली नाही, तेव्हा तिन्ही खुर्च्यांवर एकच माणूस प्रशासक म्हणून बसला. त्या काळातला ठराव तपासायचा असेल तर आयुक्तांनी तो महासभेच्या अधिकारात केला की स्थायी समितीच्या, हे ठरावातच लिहिलेलं असतं. तिथून सुरुवात करा.

तहसीलदाराच्या दोन टोप्या

अनुच्छेद ५० सांगतो की न्यायसंस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी करा. फौजदारी बाजूला ते १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने बऱ्यापैकी झालं. खटला न्यायदंडाधिकारी चालवतात, जमावबंदी कार्यकारी दंडाधिकारी लावतात. महसुलात ती गाठ सुटलेली नाही. दाखला देणारा तहसीलदार प्रशासक असतो, रस्त्याच्या वादावर निकाल देणारा तोच तहसीलदार जवळजवळ न्यायाधीश असतो. पहिल्या कामाबद्दल त्याच्या वरिष्ठाकडे तक्रार करता येते, दुसऱ्यावर अपील किंवा पुनरीक्षण (वरिष्ठाकडून फेरतपासणी) हीच वाट असते.

शेतरस्त्याचंच घ्या. वहिवाटीचा जुना रस्ता शेजाऱ्याने नांगरला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचं कलम ५. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दावा दाखल व्हायला हवा. रस्ता मुळात नव्हताच आणि बांधावरून हवा आहे, तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. सगळ्यात जास्त चूक इथे होते: जुना रस्ता अडवला असताना लोक "रस्ता मिळावा" असा १४३ चा अर्ज करतात, तो फेटाळला जाईपर्यंत सहा महिने उलटतात आणि पहिली वाट बंद होते. १४३ च्या निर्णयावर ६० दिवसांत प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील करता येतं, किंवा वर्षाच्या आत दिवाणी दावा. दावा लावला की मग अपील नाही, म्हणून आधी ठरवूनच पाऊल टाका.

अशा अर्धन्यायिक आदेशावर "मंत्र्यांकडून स्थगिती आणतो" म्हणणारे गावोगाव भेटतात. विचारायचं एवढंच की कोणत्या कलमाखाली. कायद्यात सरकारकडे अपील किंवा पुनरीक्षण दिलं असेल तर मंत्री सुनावणी घेऊ शकतात, पण दोन्ही बाजू ऐकून. नसेल तर ती स्थगिती टिकत नाही. खातं दुसऱ्याचं असेल तर मुख्यमंत्र्यांचीही टिकत नाही: चंद्रपूर जिल्हा बँकेच्या नोकरभरतीला दिलेली स्थगिती नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये याच मुद्द्यावर रद्द केली.

जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन, म्हणजे तक्रारी ऐकण्याचा दिवस, असतो. अर्ज विहित नमुन्यात, १५ दिवस आधी द्यायचा. न्यायप्रविष्ट प्रकरण तिथे घेत नाहीत, त्यावर रागावून उपयोग नाही. कोर्टात असलेल्या वादावर अधिकाऱ्याने मत द्यायचं नसतं.

गंगापूरचं पाणी: तिन्ही सत्ता एकाच धरणावर

पाऊस कमी झाला की गंगापूर, दारणा समूहातून जायकवाडीला पाणी सोडण्यावरून वाद पेटतो. गोदावरी आंतरराज्य नदी आहे, पण हा वाद दोन राज्यांमधला नाही, म्हणून अनुच्छेद २६२ चा लवाद इथे लागू नाही. पाणी राज्य सूचीत १७ व्या नोंदीला. विधिमंडळाने २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला आणि कलम १२ मध्ये टंचाई खोऱ्यात समन्यायी वाटून घ्यायचं तत्त्व घातलं. सप्टेंबर २०१४ मध्ये प्राधिकरणाने त्यावर सुनावणी घेऊन आदेश दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचं, हे सूत्र त्यातूनच आलं. दरवाजे उघडायचं काम जलसंपदा खात्याच्या अभियंत्यांचं. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कायदा आणि तत्त्व कायम ठेवलं.

आता मागणी कुठे न्यायची? सूत्र चुकीचं वाटत असेल तर प्राधिकरणाकडे, आकडे घेऊन. कलमच नको असेल तर आमदाराकडे, कारण ते विधिमंडळच बदलू शकतं. सूत्रापेक्षा जास्त पाणी सोडलं असेल तर अधीक्षक अभियंत्याकडे आणि मग न्यायालयात. धरणावर जाऊन अभियंत्याला घेराव घालणं यातल्या एकाही वाटेवर येत नाही. तो स्वतःच्या मर्जीने दरवाजा उघडतही नाही आणि बंदही करत नाही.

न्यायालयात जाण्याआधी

नाशिक जिल्हा उच्च न्यायालयाच्या मुंबईतल्या मुख्य पीठाखाली येतो, छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाखाली नाही. धुळे, जळगावचे नातलग सांगतील त्यावर जाऊ नका. सरकारी कृतीवर रिट याचिका अनुच्छेद २२६ खाली होते, आणि ती मूलभूत हक्कांपुरती मर्यादित नाही. मूलभूत हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जायचा अनुच्छेद ३२ आहे, पण तिथूनही बहुधा आधी उच्च न्यायालयात जायला सांगतात.

रिट फेटाळली जाते ती मुख्यतः तीन कारणांनी. कायद्यात अपील असताना ते न करता आलात. उशीर केला आणि कारण दिलं नाही. किंवा धोरण मागितलं: अमुक ठिकाणी उड्डाणपूल हवा, तमुक पिकाला हमीभाव हवा. असे निर्णय न्यायालय घेत नाही, घेतलेला निर्णय कायद्यात बसतो का एवढंच बघतं. अधिकाऱ्याला काम करायला लावणारा आदेश, म्हणजे मँडेमस, हवा असेल तर आधी लेखी मागणी केलेली असली पाहिजे आणि तिला नकार किंवा मौन मिळालेलं असलं पाहिजे. आवक क्रमांकाचा शिक्का असलेली पोच हा तिथला पहिला पुरावा. दिवाणी दाव्यात सरकारला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते, महापालिकेला तिच्या कायद्याच्या कलम ४८७ ची एक महिन्याची.

फाइल हवी असेल तर माहिती अधिकार. राज्याच्या कार्यालयात: दहा रुपये, दीडशे शब्द, एक विषय, ३० दिवस. चुकीच्या कार्यालयात दिला तरी त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. बाकी बहुतेक अर्जांना ही सवलत नाही. म्हणून अधिकार कोणाचा हे कळत नसेल तर पहिला अर्ज हाच करावा आणि त्यात विचारावं: हा निर्णय कोणत्या अधिनियमाच्या कोणत्या कलमाखाली घेतला, त्या आदेशाची प्रत द्या.

पेठ, सुरगाणा, कळवण

हे तीन तालुके पूर्ण, आणि दिंडोरी, इगतपुरी, नाशिक, बागलाण या तालुक्यांतली ठरावीक गावं संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालच्या आदिवासी क्षेत्रात आहेत. त्र्यंबकेश्वर तालुका नाशिकमधूनच निघाला, त्यामुळे तिथली गावंही यादीत सापडतात. या क्षेत्रात वाटणीच बदलते. एखादा कायदा तिथे लागू करू नये किंवा बदलून लागू करावा, असं राज्यपाल अधिसूचनेने ठरवू शकतात. १९९६ च्या पेसा कायद्याने (आदिवासी क्षेत्रातल्या पंचायतींचा केंद्राचा कायदा) गौण वनोपज, लहान तळी, भूसंपादनाआधीची चर्चा यांत ग्रामसभेला अधिकार दिला; राज्याचे नियम २०१४ चे. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला देताना महसूल संहितेच्या कलम ३६-अ खाली परवानगी लागते. ग्रामपंचायतीचा ठराव जोडून "ग्रामसभेची संमती" म्हणणं ही इथली नेहमीची गफलत. सरपंच आणि सदस्यांची मासिक बैठक म्हणजे ग्रामसभा नव्हे. इतिवृत्तावर मतदारांच्या सह्या आणि गणपूर्तीची नोंद बघा.

आमदार-खासदाराकडून काय मागावं

बदली, दाखला, कोर्टातला खटला हे नव्हे. खटल्याबद्दल ते काही करू शकत नाहीत, आणि सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाने न्यायदानात काय केलं यावर तर विधिमंडळात चर्चाही करता येत नाही, अनुच्छेद २११. मागायचा तो तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) किंवा लक्षवेधी, दुरुस्तीचं अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडायचं), अर्थसंकल्पातली तरतूद. मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार आहे, त्यामुळे सभागृहात दिलेलं आश्वासन आश्वासन समितीपुढे जातं. बाहेर, गाडीत बसताना दिलेलं कुठेच जात नाही. प्रश्न तयार लिहून द्या: तारीख, जीआर क्रमांक, गाव, रक्कम.

आणि खासदार कोण हे नीट बघून जा. नाशिक आणि दिंडोरी हे दोन मतदारसंघ सगळ्यांना ठाऊक असतात, पण मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण धुळे लोकसभेत आहेत. सटाण्याच्या माणसाचं निर्यातीचं निवेदन घेऊन जायचं तर धुळ्याच्या खासदाराकडे.